चूक शोधण्याची विद्या

इंदूर असो, वडोदरा असो, हैदराबाद असो किंवा बेळगाव, आपल्या बहुतेक घरांत आता एक तरी मुलगा, मुलगी, सून किंवा जावई संगणकाच्या क्षेत्रात आहे. पणजोबा दफ्तरात कारकुनी करीत, आजोबा शाळेत किंवा रेल्वेत होते, आणि आताची पिढी पडद्यासमोर बसते. ही मंडळी दिवसभर काय करतात असे विचारले तर ‘प्रोग्राम लिहितो’ असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. त्यांचा बराचसा वेळ लिहिलेल्या मजकुरातली चूक शोधण्यात जातो. या कामाला ‘डीबगिंग’ म्हणतात आणि ते करण्याच्या साधनाला ‘डीबगर’. ही विद्या कुठे जन्मली, तिची हत्यारे कशी घडली आणि हत्यारे इतकी सुधारूनही ती हाती बसायला वर्षे का लागतात, हे आपण या लेखात पाहणार आहोत. हिशेबाचा ताळा जमेपर्यंत दिव्याचे तेल जाळणाऱ्या माणसांची आपली परंपरा आहे. तेव्हा हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

प्रथम शब्दाविषयी. ‘बग’ म्हणजे किडा. संगणकातील चुकीला किडा का म्हणतात, याची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या यंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून, प्रत्यक्ष किडा सापडल्याची ही पहिलीच घटना, अशा अर्थाची मिस्कील टीप खाली लिहिली गेली. ग्रेस हॉपर या विदुषी ही गोष्ट पुढे रंगवून सांगत, म्हणून ती त्यांच्या नावावर चढली. ते पान आजही अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत जपलेले आहे. पण त्या टिपेतला विनोद समजण्यासाठी ‘बग’ हा शब्द आधीपासून रूढ असावा लागतो, आणि तो होताच. एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात आपल्या शोधांतल्या लहानसहान अडचणींना हाच शब्द वापरलेला आहे. तात्पर्य, पतंगाने शब्द दिला नाही. जुन्या शब्दाला त्याने एक उदाहरण मात्र दिले.

या विद्येच्या पहिल्या जाणकार स्त्रिया होत्या, हे फारसे सांगितले जात नाही. अमेरिकेतील ‘एनिॲक’ हे सुमारे अठरा हजार निर्वात नलिकांचे अवाढव्य यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आले. त्यावर गणिते मांडण्याचे काम सहा तरुणींकडे होते. सुरुवातीला गुप्ततेच्या कारणाने त्यांना यंत्राच्या खोलीत जाण्याचीही परवानगी नव्हती. वायरिंगचे नकाशे पसरून आणि अभियंत्यांना प्रश्न विचारून त्यांनी यंत्र समजून घेतले. त्यांच्यापैकी जीन जेनिंग्ज यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे की, बिघाड झाला तर तो कोणत्या नलिकेत आहे इथपर्यंत त्या पोचू शकत. त्यांना कोणतेही साधन मिळालेले नव्हते. आतून माहीत असलेले यंत्र हेच त्यांचे साधन होते. पुढच्या सगळ्या इतिहासात हा धागा आपल्याला पुन्हा पुन्हा भेटेल.

आता इंग्लंडमध्ये केंब्रिजला जाऊ. ६ मे १९४९ रोजी तिथे ‘एडसॅक’ या यंत्राने आपला पहिला प्रोग्राम चालवला. त्याचे प्रमुख मॉरिस विल्क्स. यंत्र इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते आणि कागदी फितीला भोके पाडण्याची सामग्री खालच्या मजल्यावर. जूनच्या सुमारास विल्क्स एका अवघड समीकरणाचा प्रोग्राम तयार करीत होते. आज्ञा जेमतेम सव्वाशे, पण तो चालेना. दुरुस्त करावे, फीत घेऊन वर जावे, पुन्हा फसावे, पुन्हा खाली यावे. आपल्या आठवणींत ते लिहितात की, अशाच एका खेपेत जिन्याच्या वळणावर त्यांच्या मनात लख्ख उजेड पडला : आपल्या उरलेल्या आयुष्याचा चांगला मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार आहे. ती मूळ फीत पुढे सापडली आणि मार्टिन कॅम्बेल-केली या इतिहासकाराने १९९२ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेवढ्याशा प्रोग्राममध्ये सुमारे वीस चुका निघाल्या. विल्क्स हे काही नवशिके नव्हते. ज्याने यंत्र उभारले त्याच्या हातून हे घडले, हीच त्यातली महत्त्वाची गोष्ट आहे.

एडसॅकवर चूक शोधण्याची एक सोपी रीत होती. यंत्र एकेक आज्ञा करून थांबवत न्यायचे आणि स्मृतीतली स्थिती लहान पडद्यावरच्या ठिपक्यांत पाहायची. याला ते ‘डोकावणे’ म्हणत. पण एक माणूस डोकावत बसला की बाकीचे सगळे खोळंबत, आणि यंत्र तर एकच. म्हणून डोकावण्याला आळा घालण्यात आला. त्याऐवजी प्रोग्राम कोलमडला की स्मृतीतला मजकूर कागदावर छापून घेण्याची सोय झाली. तिचे नावच ‘पोस्टमॉर्टेम’. स्टॅन्ले गिल या तरुणाने आणखी पुढे जाऊन असे तपासनीस प्रोग्राम रचले की, मूळ प्रोग्राम त्यांच्या देखरेखीखाली चालावा आणि प्रत्येक पावलाची खूण छापली जावी. या विषयावरचा त्याचा निबंध १९५१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामवर नजर ठेवायची, ही आजच्या प्रत्येक डीबगरच्या मुळाशी असलेली कल्पना तेव्हाची आहे.

मात्र या सोयीबरोबर एक नवी अडचण आली. छापलेल्या आकड्यांचा ढीग हातात पडला तरी त्यात काय पाहायचे हे कोण सांगणार? नाडी सर्वांच्याच हाताला लागते, पण ती वाचता येते वैद्याला. साधन माहिती देते, प्रश्न देत नाही. इथपासून शिकणाऱ्याची खरी चढण सुरू झाली.

आपल्याकडेही ही चढण लवकर सुरू झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक घडवला गेला. छोटी चाचणी आवृत्ती १९५६ पर्यंत तयार झाली, पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झाले आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यावर काम करणाऱ्यांना यंत्राच्या अंकी भाषेतच लिहावे लागे. चूक शोधणे म्हणजे आकड्यांच्या रांगांतून चुकलेला आकडा हुडकणे. ज्यांनी मोडी दफ्तरे वाचली आहेत, त्यांना या कामाची जात कळेल. एका वळणाने अक्षर बदलते, अक्षराने अर्थ बदलतो आणि चूक वाचणाऱ्याकडे बघत शांत बसून राहते.

त्या काळच्या मोठ्या यंत्रांवर आणखी एक जाच होता. कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. कधी काही तास, कधी दुसरा दिवस. एक स्वल्पविराम चुकला तरी दिवस गेला. प्रोग्राम कोसळला तर स्मृतीचा संपूर्ण पंचनामा आकड्यांत छापून येई. स्मृती तेव्हा चुंबकीय ‘कोअर’ कड्यांची असे, म्हणून त्याला ‘कोअर डंप’ म्हणत. कड्या कधीच्याच गेल्या, शब्द मात्र आजही चालतो.

हा जाच ज्यांनी प्रथम मोडला ते अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. १९५८ मध्ये ‘टीएक्स-झिरो’ नावाचे यंत्र तिथे आले आणि त्याच्यासमोर विद्यार्थ्यांना स्वतः बसता येऊ लागले. थॉमस स्टॉकहॅम आणि जॅक डेनिस यांनी त्यासाठी ‘फ्लिट’ नावाचे साधन केले. प्रोग्राम चालू असताना त्याला थांबवा, त्याच्या मनात काय आहे ते विचारा, बदला आणि पुढे चालवा, असा प्रत्यक्ष संवाद त्यात शक्य झाला. १९६१ मध्ये ‘पीडीपी-वन’ या यंत्रासाठी त्याचा वारसदार आला. त्याचे नाव ‘डीडीटी’. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ही दोन्ही नावे ऐकून हसू येईल. फ्लिटचा पंप अनेक घरांच्या कोनाड्यात होता, आणि हिवतापाच्या मोहिमेत डीडीटीची फवारणी गावोगाव झाली. किड्यांवर औषध म्हणून त्या तरुणांनी हीच नावे निवडली.

आता हे साधन करते तरी काय, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका पतपेढीचा प्रोग्राम ठेवींवरचे व्याज काढतो. हजारो खाती बरोबर येतात, पण काही खात्यांत थोड्या रुपयांचा फरक पडतो. डीबगरमध्ये पहिली सोय म्हणजे थांबा, अर्थात ‘ब्रेकपॉइंट’. व्याज काढण्याच्या ओळीशी प्रोग्राम थांबवायचा. दुसरी, पावलापावलाने चालणे. तिसरी, मुद्दल, दर, दिवस यांच्या त्या क्षणीच्या किमती पाहणे. चौथी, पहारा : ‘दिवस’ हा आकडा जिथे बदलेल तिथे मला हाक मार. पाचवी, या ओळीपर्यंत आपण कोणाकोणाच्या हातून आलो, ती साखळी उलगडणे. इतके केले की कळते, फरक फक्त २९ फेब्रुवारी ओलांडणाऱ्या ठेवींत आहे, आणि कोणीतरी वर्षाचे दिवस सरसकट ३६५ धरले आहेत.

ऐकताना हे सोपे वाटते. पण नवशिका काय करतो? पहिल्याच ओळीवर थांबा लावतो आणि हजारो पावले चालत राहतो. दमतो आणि साधन बाजूला ठेवतो. जाणकार आधी दहा मिनिटे काहीच करीत नाही. फरक पडलेली खाती एका बाजूला काढतो, त्यांच्यात समान काय आहे ते पाहतो, एक तर्क बांधतो, आणि तो तर्क खोटा ठरवता येईल अशा एकाच जागी थांबा लावतो. आज्ञा दोघांनाही त्याच ठाऊक आहेत. त्या एका आठवड्यात पाठ होतात. थांबा कुठे लावायचा हे कळायला मात्र वर्षे जातात. शिवाय पहिले काही महिने साधनामुळे काम मंदावतेच. जुन्या पद्धतीने, म्हणजे प्रोग्रामला जागोजागी ‘मी इथे पोचलो’ असे छापायला लावून, चूक लवकर सापडते. पुष्कळ जण याच टप्प्यावर साधन सोडतात आणि मग जन्मभर सोडूनच देतात.

हा वाद मोठमोठ्या जाणकारांतही झालेला आहे. ‘युनिक्स’च्या परंपरेतले ब्रायन कर्निगन यांनी १९७९ मध्ये लिहिले की, नीट विचार आणि योग्य जागी छापलेल्या चार ओळी हेच सर्वांत प्रभावी साधन. दुसरीकडे त्याच परंपरेत एकामागून एक समर्थ डीबगर घडत होते. १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीडीबी’ लिहिला. तो कोणालाही मुक्तपणे वापरता येतो आणि आजही जगभर चालतो. ‘लिनक्स’चे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००० मध्ये आपल्या प्रणालीच्या गाभ्यात डीबगर घ्यायला ठाम नकार दिला. साधन हाताशी असले की माणूस लक्षणावर मलम लावतो, मुळाचा विचार करीत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. अखेर २००८ मध्ये तसे साधन त्या गाभ्यात आलेच. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. विचार न करणाऱ्याला साधन तारत नाही, हे खरे. पण दृष्टीआड घडणाऱ्या गोष्टी केवळ विचाराने दिसत नाहीत, हेही तितकेच खरे.

आणि ही विद्या नसली तर काय घडते? १९८५ ते १९८७ या काळात ‘थेरॅक-२५’ नावाच्या किरणोपचार यंत्राने अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे दिली. त्यांतले निदान तिघे दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावी मार्च १९८६ मध्ये यंत्र चालवणाऱ्या बाईंनी उपचाराचा प्रकार चुकून एक टाइप केला आणि लगेच दुरुस्त केला. पडद्यावर सारे ठीक दिसत होते. यंत्र मात्र आतून जुन्याच आज्ञेत अडकले होते. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढीच अक्षरे उमटली. त्यांचा अर्थ यंत्र चालवणाऱ्याला कळेल असा कुठेही लिहिलेला नव्हता. एप्रिलमध्ये तिथेच दुसऱ्या रुग्णाला तेच भोगावे लागले.

पुढे जे झाले ते चूक शोधण्याच्या इतिहासातले एक पवित्र पान आहे. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र बंद केले आणि त्या बाईंना सोबत घेऊन प्रसंग पुन्हा पुन्हा घडवून पाहिला. बाईंना आपण नेमके काय केले ते आठवत होते. अखेर उलगडा झाला. सवयीच्या हाताने दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत केली तरच यंत्र चकते. सावकाश टाइप करणाऱ्याला ती चूक कधी भेटलीच नसती. निर्मात्यांच्या अभियंत्यालाही ती प्रथम घडवून आणता आली नाही, कारण त्याचा हात संथ होता. अधिक बोचणारी गोष्ट पुढेच आहे. याच प्रकारची चूक आधीच्या ‘थेरॅक-२०’ मध्येही होती. तिथे यंत्राच्या अंगचे संरक्षण होते. फ्यूज उडत, लोक तो बदलत आणि कामाला लागत. फ्यूज का उडतो, हे कोणी विचारले नाही. नव्या यंत्रात ते संरक्षण काढून भिस्त प्रोग्रामवर ठेवली गेली. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या साऱ्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला.

या प्रकरणात डीबगर कुठेच नव्हता. होते ते विद्येचे मूळ : चूक पुन्हा घडवून आणता आली पाहिजे आणि ज्याच्या हातून ती घडली त्याचे नीट ऐकून घेतले पाहिजे.

याच्या उलट उदाहरण ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचे. काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. दुरुस्तीला कोण जाणार? पण पृथ्वीवर हुबेहूब जुळे यंत्र होते, आणि आत काय चालले आहे याची नोंद ठेवणारी सोय प्रोग्राममधून काढून टाकलेली नव्हती. जुळ्या यंत्रावर तासन् तास प्रयत्न करून तोच बिघाड घडवून आणला गेला. कमी महत्त्वाच्या कामाने एक सामायिक कुलूप धरून ठेवले होते, मधल्या कामांनी त्याला पुढे सरकू दिले नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे काम दाराशी तिष्ठत राहिले. एक सोय चालू करायची राहून गेली होती. ती कोट्यवधी किलोमीटरवरून चालू करण्यात आली. चूक होणार हे धरूनच तिथे आधी तयारी केलेली होती.

अलीकडची साधने आणखी पुढे गेली आहेत. घडलेले सारे नोंदवून ठेवावे आणि मग काळात मागे चालत जाऊन चुकीच्या उगमाशी पोचावे, ही कल्पना रॉबर्ट बाल्झर यांनी १९६९ मध्येच एका प्रणालीत आणली होती. ती रोजच्या वापराइतकी सोपी व्हायला चार दशकांहून अधिक काळ गेला. १९९९ मध्ये आंद्रेआस झेलर यांनी दुसरी रीत मांडली. काल प्रोग्राम चालत होता, आज चालत नाही, तर दोन्हींमधले बदल निम्मे-निम्मे करीत गुन्हेगार बदल गाठायचा. पाठभेदांवर पोसलेल्या आपल्या परंपरेला ही रीत ओळखीची वाटेल. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा प्रतींप्रतींतून शिरलेले अपपाठ वेगळे काढण्याचाच तो उद्योग होता. साधने अगदी निराळी, शिस्त मात्र सख्खी.

वाचकहो, हा इतिहास आज सांगण्याला एक निकडीचे कारण आहे. प्रोग्राम लिहिण्याचे काम आता यंत्रेच झपाट्याने करू लागली आहेत. नवी मुले लिहिण्याची पायरी गाळूनच पुढे जाऊ शकतात. पण जे आपण लिहिले नाही त्यातली चूक शोधणे हे स्वतःच्या लिखाणातली चूक शोधण्याहून कठीण असते. कर्निगन यांनी प्लॉगर यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकातच म्हटले होते की, चूक शोधणे लिहिण्याच्या दुप्पट अवघड. मग ज्याने लिहिलेच नाही त्याची पट किती? आणि आपला पगार, औषधाचे प्रमाण, रेल्वेचा सिग्नल, निवडणुकीची यादी, सारे आता प्रोग्रामच्या हवाली आहे. अभ्यासक्रमांत लिहिणे शिकवले जाते. शोधणे बहुधा शेजारच्या खुर्चीवरच्या अनुभवी माणसाकडूनच शिकावे लागते, आणि त्या माणसाला शिकवायला सवड हवी, शिकणाऱ्याला चुकायला सवड हवी.

म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरा पडद्याकडे पाहत नुसती बसलेली दिसली, तर काम होत नाही असे समजू नका. कदाचित नेमके तेव्हाच होत असेल. सकाळी चहाच्या वेळी ‘काय लिहिलेस?’ असे न विचारता ‘काय सापडले?’ असे विचारून पाहा. उत्तर अर्धे कळले नाही तरी ऐकून घ्या. दुसऱ्याला समजावून सांगता सांगता चूक सापडते, हा या धंद्यातल्या सर्वांचा अनुभव आहे, आणि त्यासाठी लागतो तो फक्त शांतपणे ऐकणारा माणूस.